गाडी आपल्या स्थानकावर थांबावी म्हणून : लहान स्थानकांवरील प्रवाशांचे वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मार्च २०२० मध्ये टाळेबंदीमुळे देशभरातील प्रवासी गाड्या बंद झाल्या. त्या टप्प्याटप्प्याने पुन्हा सुरू झाल्या तेव्हा मोठ्या स्थानकांचे वेळापत्रक बऱ्याच अंशी पूर्ववत झाले, लहान स्थानकांचे मात्र झाले नाही. कोठे पॅसेंजरची एक्स्प्रेस झाली आणि तिने मधले थांबे सोडले, कोठे गाडी अलीकडच्याच स्थानकात संपू लागली, तर कोठे ती परत आलीच नाही. कोकण, खानदेश, विदर्भ आणि दक्षिण महाराष्ट्र या भागांतील अनेक गावांनी तेव्हापासून निवेदने दिली, उपोषणे केली, अधिकाऱ्यांच्या भेटी घेतल्या. अशा गावांच्या बैठकांत जे प्रश्न हमखास निघतात, त्यांची उत्तरे येथे दिली आहेत. नव्याने समिती स्थापन करणाऱ्या ग्रामस्थांना ती उपयोगी पडावीत, हा हेतू आहे.

लहान स्थानकावरचा थांबा काढण्यामागे रेल्वेची नेमकी कारणे कोणती असतात?

मुख्य कारणे दोन सांगितली जातात, वेळ आणि उत्पन्न. गाडी स्थानकात एक-दोन मिनिटेच उभी राहत असली, तरी वेग कमी करणे आणि पुन्हा पकडणे यांत त्याहून अधिक वेळ जातो. एकेरी मार्गावर या विलंबाचा परिणाम समोरून येणाऱ्या आणि मागून येणाऱ्या गाड्यांवरही होतो. टाळेबंदीच्या काळात रेल्वेने आयआयटी मुंबईचे साहाय्य घेऊन संपूर्ण वेळापत्रक नव्याने, म्हणजे ‘झिरो बेस्ड’ पद्धतीने बसवले. गाड्यांचा वेग वाढवणे, मालगाड्यांना मार्गिका मोकळी करून देणे आणि देखभालीसाठी सलग वेळ मिळवणे, हे त्यामागचे उद्देश होते. त्याच सुमारास, जून २०२० मध्ये, २०० किलोमीटरपेक्षा अधिक अंतर धावणाऱ्या पॅसेंजर गाड्यांचे एक्स्प्रेसमध्ये रूपांतर करण्याचे प्रस्ताव रेल्वे बोर्डाने क्षेत्रीय रेल्वेंकडून (मध्य रेल्वे, दक्षिण रेल्वे इत्यादी) मागवले. रूपांतर झाले की वेग वाढवावा लागतो आणि वेग वाढवण्याचा सर्वांत स्वस्त उपाय म्हणजे मधले थांबे गाळणे. ज्या स्थानकांवरून तिकिटांचे उत्पन्न कमी होते, त्यांची नावे अर्थातच आधी गळाली.

ही कारणे खोटी नाहीत आणि निवेदनात ती खोटी असल्याचे म्हणूही नये. वेगाचा लाभ सर्व प्रवाशांना मिळत असताना त्याची किंमत फक्त लहान गावांनी का मोजावी, आणि थांबा काढण्यापूर्वी त्या गावांना विचारले का गेले नाही, हा आपला खरा मुद्दा आहे.

आमच्या स्थानकावर तिकिटे कमीच विकली जातात. मग मागणी कोणत्या तोंडाने करायची?

हा प्रश्न विचारून अनेक गावे सुरुवातीलाच माघार घेतात, म्हणून त्याचे उत्तर सविस्तर द्यायला हवे.

दिवसातून चार गाड्या थांबत होत्या तेव्हाची तिकीटविक्री आणि एकच गाडी, तीही गैरसोयीच्या वेळी, थांबू लागल्यानंतरची तिकीटविक्री या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. गाडी थांबत नाही म्हणून तिकिटे विकली जात नाहीत आणि तिकिटे विकली जात नाहीत म्हणून गाडी थांबवता येत नाही, अशा चक्रात स्थानक एकदा सापडले की दरवर्षी आकडे खालीच जातात. ते आकडे दाखवून उरलेली गाडीही काढली जाऊ शकते. म्हणून सेवा कमी झाल्यानंतरच्या विक्रीवरून मागणी मोजता येत नाही, ही भूमिका पहिल्याच पत्रात स्पष्ट मांडावी आणि २०१९ चे, म्हणजे टाळेबंदीपूर्वीच्या अखेरच्या पूर्ण वर्षाचे आकडे तुलनेसाठी घ्यावेत.

दुसरे असे की, तिकीट ज्या स्थानकावरून काढले जाते त्या स्थानकाच्या नावावर ते जमा होते. गावातील माणूस सकाळी शहरात जातो तेव्हाचे तिकीट आपल्या स्थानकाचे, पण संध्याकाळी परतताना काढलेले तिकीट शहराच्या स्थानकाचे धरले जाते. मासिक पास बहुतेक जण सोयीसाठी मोठ्या स्थानकावर काढतात. तिकीट खिडकी ठरावीक वेळीच उघडी राहत असेल, तर उरलेले प्रवासी पुढच्या स्थानकावर उतरून तिकीट काढतात किंवा तेथूनच गाडी पकडतात. म्हणजे आपल्या स्थानकावर प्रत्यक्ष चढणारी-उतरणारी माणसे आणि आपल्या स्थानकाच्या खात्यावर दिसणारी माणसे यांत मोठे अंतर असते. यासाठी समितीने पहिल्याच आठवड्यात गावात सांगावे की, मोबाइलवरून तिकीट काढताना सुरुवातीचे स्थानक म्हणून आपल्याच स्थानकाचे नाव निवडावे आणि पासही शक्यतो येथूनच काढावा. यास एक पैसाही अधिक लागत नाही.

प्रवाशांची मोजणी स्वतः कशी करावी?

किमान तीन आठवडे, सलग, आणि सणासुदीचे दिवस वगळून करावी. कोकणात गणपती, शिमगा आणि मे महिन्याच्या सुट्टीत जी गर्दी असते, तिच्यावरून केलेली मागणी ‘हंगामी गर्दीसाठी विशेष गाड्या सोडल्या आहेत’ या एका वाक्याने निकाली निघते. आठवडी बाजाराचा दिवस मात्र अवश्य धरावा आणि तो वेगळा दाखवावा.

फलाटाच्या दोन टोकांना दोन आणि बाहेर पडण्याच्या वाटेवर एक, अशी तीन माणसे पुरतात. वहीत गाडीचा क्रमांक, वेळापत्रकातील वेळ, प्रत्यक्ष आगमनाची वेळ, चढलेले, उतरलेले आणि त्यांपैकी साधारण किती विद्यार्थी, किती वयस्क, किती सामान घेऊन जाणारे, एवढे रकाने असावेत. पान दररोज त्याच दिवशी पूर्ण करून त्यावर मोजणाऱ्यांनी सह्या कराव्यात. नंतर आठवणीने भरलेली वही जाणत्या अधिकाऱ्याला लगेच ओळखू येते, कारण तिच्यात सगळे आकडे पाचाच्या आणि दहाच्या पटीत असतात.

गाडी मुळीच थांबत नसेल तर मोजायचे काय, असे विचारले जाते. अशा वेळी एसटीच्या थांब्यावर आणि वडापच्या (खासगी प्रवासी जीपच्या) स्टँडवर मोजावे, तसेच पुढच्या मोठ्या स्थानकावर आपल्या पंचक्रोशीतून रिक्षाने किंवा दुचाकीने येऊन गाडी पकडणाऱ्यांची नोंद घ्यावी. त्यांना स्थानकापर्यंत पोहोचायला किती खर्च आला हे विचारावे. रेल्वेचे तिकीट दहा-वीस रुपयांचे आणि स्थानक गाठायची रिक्षा शे-दीडशे रुपयांची, असे उत्तर बहुतेक ठिकाणी मिळते. ही नोंद निवेदनाच्या पहिल्या पानावर घ्यावी, पुरवणीत ढकलू नये.

प्रवासाचे कारणही विचारावे. जिल्हा रुग्णालय, न्यायालय, महाविद्यालय, औद्योगिक वसाहत, भाजीमंडई अशी विभागणी केली की कोणत्या वेळेची गाडी हवी हे आपोआप स्पष्ट होते. ‘कोणतीही एक गाडी थांबवा’ या मागणीपेक्षा ‘महाविद्यालयाच्या आणि रुग्णालयाच्या वेळेला पोहोचवणारी ही गाडी थांबवा’ ही मागणी कितीतरी अधिक जोरकस ठरते.

निवेदन कोणाकडे द्यावे? निर्णय कोण घेतो?

स्थानक व्यवस्थापकाला थांबा देण्याचा अधिकार नसतो. त्यांच्याकडे निवेदनाची प्रत द्यावी, पोच घ्यावी, पण तेथे वाद घालू नये. निवेदन विभागीय रेल्वे व्यवस्थापकांच्या नावे लिहावे आणि त्याच्या प्रती वाणिज्य व परिचालन या दोन्ही शाखांच्या प्रमुखांना पाठवाव्यात. किती प्रवासी आहेत हे वाणिज्य शाखा पाहते आणि गाडी थांबवणे शक्य आहे का हे परिचालन शाखा पाहते. दोहोंपैकी एकीचा नकार आला की प्रस्ताव थांबतो.

आपले स्थानक कोणत्या विभागात येते याची आधी खात्री करून घ्यावी, कारण महाराष्ट्र अनेक रेल्वे विभागांत वाटला गेला आहे. मध्य रेल्वेचे मुंबई, पुणे, सोलापूर, भुसावळ आणि नागपूर हे विभाग आहेत. मराठवाड्याचा मोठा भाग दक्षिण मध्य रेल्वेच्या नांदेड विभागात येतो, गोंदिया-भंडाऱ्याकडचा भाग दक्षिण पूर्व मध्य रेल्वेच्या नागपूर विभागात येतो, आणि रोह्याच्या पुढे कोकण रेल्वे महामंडळाची हद्द सुरू होते. महामंडळाचे मुख्यालय बेलापूरला आणि आपल्याकडचे क्षेत्रीय कार्यालय रत्नागिरीला आहे.

मेल-एक्स्प्रेस गाड्यांच्या थांब्याचा निर्णय साधारणतः रेल्वे बोर्डाच्या मंजुरीने होतो. शिवाय गाडी ज्या क्षेत्रीय रेल्वेची असते, तिची संमती लागते. नेत्रावती एक्स्प्रेस कोकणातून धावते, पण ती दक्षिण रेल्वेची गाडी आहे. त्यामुळे कोकणातल्या स्थानकाचा प्रश्न असला तरी चेन्नईच्या कार्यालयाशीही पत्रव्यवहार करावा लागतो. २०२३ मध्ये या गाडीला संगमेश्वर रोड स्थानकावर थांबा मिळाला, त्यामागे स्थानिक प्रवाशांचा दीर्घ पाठपुरावा होता.

आमदार किंवा पालकमंत्री हे काम करून देऊ शकतात का?

रेल्वे हा संविधानानुसार केंद्राच्या सूचीतील विषय आहे. राज्यातील लोकप्रतिनिधींचे शिफारसपत्र जोडावे, त्याने वजन वाढते, परंतु पाठपुरावा खासदारांमार्फत करावा. लोकसभेत नियम ३७७ अन्वये विषय मांडता येतो, अतारांकित प्रश्न विचारता येतो, आणि रेल्वेचे अधिकारी आपल्या क्षेत्रातील खासदारांच्या ज्या बैठका घेतात त्यांत लेखी मुद्दा देता येतो. अतारांकित प्रश्नाचे लेखी उत्तर समितीला पुढे फार उपयोगी पडते. कार्यालयात तोंडी मिळालेला नकार आणि संसदेत दिलेले कारण वेगवेगळे निघाले, तर ती विसंगती पुढच्या पत्रात दाखवता येते. सर्व पक्षांच्या लोकांना समितीत घ्यावे आणि समितीचा फलक कोणत्याही पक्षाच्या कार्यालयात लावू नये. एका पक्षाचे आंदोलन ठरले की गावातील निम्मी माणसे त्यातून बाजूला होतात.

निवेदनात काय लिहावे?

दोन पानांपेक्षा मोठे निवेदन वाचले जात नाही. कोणती गाडी, कोणत्या दिशेची, पूर्वी कधीपर्यंत थांबत होती, मोजणीचे आकडे, पर्यायी वाहतुकीचा खर्च आणि वेळ, आणि स्पष्ट मागणी, एवढ्यात ते संपवावे. गावाचा इतिहास, देवस्थानाचे माहात्म्य, पर्यटनाची भावी शक्यता हे सारे दुय्यम असते. तीर्थक्षेत्र खरोखरच मोठे असेल आणि यात्रेची गर्दी मोजलेली असेल, तरच त्याचा उल्लेख करावा.

एकेरी मार्गावरील स्थानकांसाठी एक मुद्दा विशेष महत्त्वाचा आहे आणि तो फारच थोड्या समित्या वापरतात. समोरच्या गाडीला वाट देण्यासाठी अनेक गाड्या लहान स्थानकांच्या लूप लाइनवर, म्हणजे मुख्य रुळांच्या बाजूच्या मार्गिकेवर, दररोज उभ्या राहतात. वेळापत्रकात तेथे थांबा नसतो, तिकीट मिळत नाही, पण गाडी पाच-दहा मिनिटे फलाटाला लागून उभी असते आणि ज्याला तेथेच उतरायचे असते तो प्रवासी खिडकीतून आपले गाव पाहत पुढच्या स्थानकापर्यंत जातो. अशा गाड्यांची महिनाभर नोंद ठेवावी. गाडी कोणत्या दिवशी, किती वाजता आली आणि किती मिनिटे उभी राहिली, हे लिहावे. क्रॉसिंगसाठी गाडी नेमाने थांबतच असेल, तर त्या थांब्याला प्रवासी थांब्याचा दर्जा देण्यात वेळेची हानी जवळजवळ होत नाही आणि परिचालन शाखेचा मुख्य आक्षेप निघून जातो. कोकण रेल्वेचा मार्ग सुमारे ७४१ किलोमीटरचा आहे आणि त्यात रोहा ते वीर हा भागच दुहेरी झाला आहे, त्यामुळे तेथे हा मुद्दा ठिकठिकाणी लागू पडतो.

फलाटाची लांबी आणि उंची आधी स्वतः पाहून घ्यावी. अनेक हॉल्ट, म्हणजे अगदी लहान, स्थानकांवर फलाट रुळांच्या जवळपास सपाटीला असतो आणि लांबीला अपुरा पडतो. मागचे डबे खडीवर उभे राहतात आणि म्हाताऱ्या बाईला आधी बोचके वर फेकून मग दांडी धरून लोंबकळत चढावे लागते. वीस-बावीस डब्यांची एक्स्प्रेस अशा ठिकाणी मागितली, तर सुरक्षेच्या कारणावरून नकार येणार हे धरून चालावे. तेथे फलाट वाढवण्याची मागणी स्वतंत्र पत्राने करावी. दोन्ही मागण्या एकाच पत्रात असल्या की एकीच्या खर्चापायी दुसरी अडकून पडते.

ग्रामसभेच्या ठरावाचा उपयोग होतो का?

होतो, पण एका गावाच्या ठरावाचा थोडा आणि पंचक्रोशीतील सर्व गावांच्या ठरावांचा बराच होतो. २६ जानेवारी, १ मे, १५ ऑगस्ट आणि २ ऑक्टोबर या दिवशी ग्रामसभा होतातच, त्यामुळे विषयपत्रिकेत हा विषय वेळेवर घालून घ्यावा. ठरावाला क्रमांक, तारीख, सूचक आणि अनुमोदक असावेत. सर्व गावांच्या ठरावांत मागणीचा मजकूर एकच असावा. एका गावाने सकाळची गाडी मागितली आणि दुसऱ्याने संध्याकाळची, तर रेल्वेच्या दृष्टीने त्या दोन वेगळ्या मागण्या ठरतात.

माहितीच्या अधिकारात काय मागावे?

स्थानकाची महिनावार तिकीटविक्री आणि उत्पन्न, थांबा काढण्याच्या आदेशाची प्रत, त्यामागच्या टिप्पण्या, निर्णयापूर्वी प्रवाशांची पाहणी झाली असल्यास तिचा अहवाल, आणि आपण दिलेल्या निवेदनावर झालेली कार्यवाही, इतके मागावे. ‘थांबा का काढला’ असा प्रश्न विचारू नये. कायद्यात माहिती म्हणजे अभिलेख, त्यामुळे ‘का’ ने सुरू होणाऱ्या प्रश्नाला ‘हे माहितीच्या व्याख्येत बसत नाही’ असे उत्तर येते. त्याऐवजी कलम ४(१)(घ) चा आधार घ्यावा. प्रशासकीय निर्णयाची कारणे त्याची झळ पोहोचलेल्या व्यक्तींना कळवणे, हे त्या कलमानुसार प्राधिकरणाचे कर्तव्यच आहे.

शुल्क १० रुपये असते. राज्य शासनाच्या कार्यालयांसाठी आपण कोर्ट फी स्टॅम्प लावतो, तो केंद्राच्या कार्यालयांना चालत नाही. तेथे पोस्टल ऑर्डर जोडावी किंवा केंद्राच्या संकेतस्थळावरून शुल्क भरावे. उत्तरासाठी ३० दिवसांची मुदत असते. उत्तर न आल्यास किंवा अपुरे आल्यास त्यानंतर ३० दिवसांत पहिले अपील आणि तेथेही समाधान न झाल्यास ९० दिवसांत केंद्रीय माहिती आयोगाकडे दुसरे अपील करता येते.

पॅसेंजरचे भाडे पूर्ववत झाले, मग थांबेही पूर्ववत होतील ना?

आपोआप होणार नाहीत. टाळेबंदीनंतर पॅसेंजर गाड्यांना एक्स्प्रेसचे भाडे लावल्याने किमान तिकीट १० रुपयांवरून ३० रुपयांवर गेले होते. फेब्रुवारी २०२४ च्या अखेरीस ते पुन्हा १० रुपयांवर आले. रोज ये-जा करणाऱ्यांना यातून मोठा दिलासा मिळाला. परंतु भाडे आणि वेळापत्रक यांचे निर्णय वेगवेगळ्या वाटांनी होतात. भाडे उतरले तरी गाळलेले थांबे वेळापत्रकात परत येत नाहीत, त्यासाठी प्रत्येक स्थानकाची मागणी स्वतंत्रपणे करावी लागते.

रत्नागिरी–दादर पॅसेंजरचे नेमके काय झाले?

टाळेबंदीपूर्वी ही गाडी रत्नागिरीहून थेट दादरला जात असे. टाळेबंदीनंतर ती ठाण्याजवळच्या दिवा स्थानकापर्यंतच धावू लागली. भोके, उक्षी, कडवई, कामथे, अंजनी, विन्हेरे, करंजाडी अशा स्थानकांच्या परिसरातील लोकांसाठी कमी भाड्यात, आरक्षणाशिवाय मुंबई गाठण्याचा तो हक्काचा मार्ग होता. एक्स्प्रेस गाड्या ही गावे ओलांडून पुढे जातात.

नकाशावर दिवा ते दादर हे अंतर फार नाही. पण तांदळाची गोणी, फणस, कोकमाचे डबे आणि सोबत दोन मुले घेऊन आलेल्या बाईला दिव्याला उतरून, पूल चढून, आधीच भरून आलेल्या लोकलमध्ये शिरायला सांगणे म्हणजे काय, हे ज्याने पाहिले आहे त्याला ते अंतर कळते. उपचारांसाठी परळच्या रुग्णालयांत जाणारे रुग्णही याच गाडीने येत असत.

उपनगरी गाड्यांच्या वक्तशीरपणावर परिणाम होतो, हे कारण गाडी दिव्यापर्यंत मर्यादित ठेवण्यासाठी दिले गेले. प्रवासी संघटनांचे म्हणणे असे आहे की, ठाणे ते दिवा दरम्यानची पाचवी आणि सहावी मार्गिका १८ फेब्रुवारी २०२२ रोजी सुरू झाली, त्यामुळे त्या टप्प्यापुरता तरी हा आक्षेप आता पूर्वीसारखा टिकत नाही. हा युक्तिवाद आम्हाला योग्य वाटतो. दादरहून गोरखपूर आणि बलियाकडे विशेष गाड्या सुटतात, मग कोकणच्या गाडीलाच जागा कशी नाही, असाही सवाल केला जातो. तो समजण्यासारखा आहे, परंतु निवेदनात तो जपून मांडावा. दुसऱ्या प्रांताकडे जाणाऱ्या गाडीतही गरीब आणि घराच्या ओढीने निघालेली माणसेच बसलेली असतात. आपली मागणी त्यांची गाडी काढण्याची नाही, आपली गाडी परत मिळण्याची आहे.

रेल रोको करावा का?

आमचे उत्तर ‘नाही’ असे आहे. रेल्वे अधिनियम १९८९ च्या कलम १७४ नुसार रुळांवर बसून गाडी अडवणाऱ्यास दोन वर्षांपर्यंत कारावास, दोन हजार रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही शिक्षा होऊ शकतात. गुन्हा नोंदला जातो तो बहुधा पुढच्या रांगेतल्या तरुणांवर, आणि नोकरीसाठी चारित्र्य पडताळणी करताना तो पुढे येतो. खटल्याच्या तारखा वर्षानुवर्षे चालतात. ज्यांना गाडीची सर्वांत अधिक गरज आहे, त्याच मुलांच्या माथी हे ओझे टाकणे आम्हाला मान्य नाही. स्थानकाबाहेर, पोलिसांना लेखी कळवून केलेले धरणे किंवा साखळी उपोषण हा मार्ग खुला आहे. त्याची बातमी होते आणि अधिकाऱ्यांना चर्चेसाठी यावे लागते.

निषेध म्हणून साखळी ओढली तर?

मुळीच ओढू नये. रेल्वे अधिनियमाच्या कलम १४१ अन्वये तो गुन्हा आहे, आणि साखळी ओढण्याच्या घटनांची नोंद थांब्याच्या प्रस्तावाविरुद्ध वापरली जाऊ शकते.

न्यायालयात जाता येईल का?

उच्च न्यायालयात याचिका दाखल करता येते, मात्र फार आशा बाळगू नये. ग्वाल्हेर–इंदूर इंटरसिटी एक्स्प्रेसच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने २०११ मध्ये स्पष्ट केले होते की, गाडी कोठून कोठे धावावी हे ठरवणे रेल्वेचे काम आहे आणि न्यायालयांनी त्यात सहसा पडू नये. निवेदनाचा विचारच केला गेला नाही, एवढ्या मर्यादित तक्रारीवर ‘ठरावीक मुदतीत निर्णय घ्यावा’ असा आदेश मिळू शकतो. वकिलांचा खर्च आणि जाणारी वर्षे पाहता हा मार्ग शेवटी ठेवावा.

रस्ता आहे, एसटी आहे. मग रेल्वेचाच आग्रह कशासाठी?

हा प्रश्न कार्यालयात हमखास विचारला जातो, म्हणून त्याचे उत्तर आकड्यांसह तयार ठेवावे. एसटीच्या दिवसाला किती फेऱ्या आहेत, शेवटची गाडी किती वाजता आहे, पावसाळ्यात घाट बंद पडल्यावर काय होते, मासिक पासचा खर्च दोन्हीकडे किती येतो, हे लिहावे. महाविद्यालयात जाणाऱ्या मुलीला घरून परवानगी मिळणे वा न मिळणे हे अनेकदा अंधार पडण्याआधी परतणारी गाडी आहे की नाही यावर ठरते. आपल्या मोजणीत असे किती विद्यार्थी आहेत ते वेगळे दाखवावे. वाफेच्या बोटी गेल्या, रस्ते आले, तरी सामानासकट, आजाऱ्यासकट, कमी पैशांत दूर जायला सामान्य माणसाला रेल्वेसारखे दुसरे साधन मिळालेले नाही.

लांब पल्ल्याच्या एक्स्प्रेसचा थांबा मागावा की पॅसेंजर?

बहुतेक गावे एक्स्प्रेस मागतात, कारण तिचा थांबा मिळाला की समारंभ होतो, हिरवा झेंडा दाखवला जातो आणि वृत्तपत्रांत छायाचित्र येते. आमचे मत असे की, रोजच्या वेळेची पॅसेंजर किंवा मेमू (कमी अंतराची विजेवर धावणारी गाडी) आधी मागावी. एक्स्प्रेसच्या जनरल डब्यात लहान स्थानकावर पाय ठेवायला जागा नसते आणि मासिक पासधारकांना अनेक एक्स्प्रेस गाड्यांत मुभा नसते. वर्षातून दोनदा मुंबईला जाणाऱ्या चाकरमान्यांसाठी एक्स्प्रेस महत्त्वाची आहेच, पण स्थानक जिवंत राहते ते रोज ये-जा करणाऱ्यांवर.

मागणी वर्षाच्या कोणत्या काळात करावी?

नवे वेळापत्रक लागू होण्याच्या बरेच महिने आधी प्रस्तावांची छाननी होते. पूर्वी वेळापत्रक १ जुलैला बदलत असे, अलीकडे हा दिनांक बदलत गेला असून २०२५ चे वेळापत्रक १ जानेवारीपासून लागू झाले. म्हणून निवेदन मे-जूनपर्यंत विभागीय कार्यालयात पोहोचलेले असावे. कोकण रेल्वेचे पावसाळी वेळापत्रक वेगळे असते. त्या काळात वेग आधीच कमी केलेला असतो, त्यामुळे पावसाळ्यातली मोजणी आणि क्रॉसिंगच्या नोंदी मुख्य अर्जात मिसळू नयेत.

थांबा ‘प्रायोगिक तत्त्वावर’ मिळाला आहे. आता काय करावे?

खरे काम येथून सुरू होते. प्रायोगिक थांबा बहुधा सहा महिन्यांसाठी असतो आणि त्यानंतर तिकीटविक्री पाहून तो कायम करायचा की काढायचा, याचा विचार होतो. पहिल्या दिवशी हार-तुरे घेऊन शंभर माणसे फलाटावर येतात आणि दुसऱ्या आठवड्यात पाच तिकिटे निघतात, असे घडू देऊ नये. गावातील प्रत्येक वाडीत एकाने जबाबदारी घेऊन सांगावे की, त्या गाडीने जाणाऱ्याने याच स्थानकाचे तिकीट काढायचे आहे. प्रवास न करता नुसती तिकिटे काढून आकडा फुगवण्याची कल्पना काही जण सुचवतात. ती करू नये, कारण ती उघडी पडली की खऱ्या प्रवाशांच्या आकड्यांवरही विश्वास राहत नाही. दर महिन्याची विक्री समितीने स्वतः नोंदवून ठेवावी आणि मुदत संपण्याच्या दोन महिने आधी थांबा कायम करण्याचे पत्र द्यावे.

हॉल्टवरील तिकीट खिडकीच बंद पडली आहे. त्याचे काय?

हॉल्टवर तिकिटे विकण्याचे काम कमिशनवर नेमलेला एजंट करतो. गाड्या कमी झाल्या की कमिशन कमी होते, एजंट काम सोडतो आणि खिडकीला कुलूप लागते. मग ‘येथे उत्पन्न शून्य आहे’ असे कागदोपत्री दिसते. अशा वेळी नव्या एजंटाच्या नेमणुकीची मागणी थांब्याच्या मागणीइतक्याच तातडीने करावी. गावातीलच कोणी तयार असेल तर त्याने निविदेची माहिती वाणिज्य शाखेकडून घ्यावी. तोपर्यंत मोबाइल तिकिटांवर भर द्यावा आणि ज्यांना ते जमत नाही त्यांना शाळा-महाविद्यालयातील मुलांनी मदत करावी.

पूर्ण बंद पडलेली गाडी पुन्हा सुरू होते का?

थांबा परत मिळवणे जितके शक्य असते, तितके बंद मार्ग सुरू करणे नसते. पाचोरा–जामनेर ही नॅरोगेज गाडी मार्च २०२० मध्ये थांबली ती पुन्हा धावलीच नाही. लोकांनी कृती समिती स्थापून आंदोलने केली. त्या मार्गाचे ब्रॉडगेजमध्ये रूपांतर आणि बोदवडपर्यंत विस्तार मंजूर झाला आहे, पण दरम्यानच्या काळात त्या गाडीवर अवलंबून असलेल्या गावांना दुसरी सोय पाहावी लागली. विदर्भातील शकुंतला, म्हणजे मूर्तिजापूर ते यवतमाळ आणि मूर्तिजापूर ते अचलपूर हा मार्ग, कापसाच्या वाहतुकीसाठी ब्रिटिश कंपनीने बांधला होता. मालकीचा गुंता, मोडकळीस आलेले रूळ आणि दुर्लक्ष यांमुळे तीही थांबली आणि तिच्यासाठी सत्याग्रह करणाऱ्यांची मागणी अद्याप पूर्ण झालेली नाही. म्हणून गाडीची एखादी फेरी रद्द झाली, एखादा डबा कमी झाला, गाडी ‘तात्पुरती’ बंद ठेवल्याची सूचना फलाटावर चिकटवली गेली, तर त्याच आठवड्यात लेखी विचारणा करावी. ‘तात्पुरती’ म्हणजे कोणत्या तारखेपर्यंत, हे लिहून मागावे.

समितीची नोंदणी करणे आवश्यक आहे का?

निवेदन देण्यासाठी आवश्यक नाही, कोणताही नागरिक निवेदन देऊ शकतो. परंतु विभागीय रेल्वे प्रवासी सल्लागार समितीवर प्रतिनिधित्व हवे असेल, तर नोंदणीकृत संस्था असणे उपयोगी ठरते. संस्था नोंदणी अधिनियम १८६० खाली किमान सात सदस्यांवर नोंदणी करता येते. सल्लागार समितीच्या बैठकीत मांडलेल्या मुद्द्याला लेखी उत्तर मिळते आणि तो इतिवृत्तात येतो, हा त्याचा मोठा लाभ आहे. नोंदणी होईपर्यंत कोणी थांबू नये. अध्यक्ष, सचिव, एक जाड वही आणि निवेदनांच्या पोचपावत्यांची एक फाइल एवढ्यावर काम सुरू करता येते. फाइल एका घरी न ठेवता तिच्या प्रती दोन ठिकाणी ठेवाव्यात, कारण पदाधिकारी नोकरीनिमित्त बाहेरगावी गेला की कागद त्याच्या कपाटात अडकतात आणि पुढच्या समितीला पहिल्या पत्रापासून सुरुवात करावी लागते.